परळच्या प्रयोगशाळेतली कुत्री : डॉ. सेन यांच्या प्रयोगांकडे पुन्हा बघताना

बसून घ्या, मागं अजून खुर्च्या आहेत.

आजचं व्याख्यान आम्ही दोघांनी मिळून तयार केलं आहे. आमच्यातला एक माणसांचा सर्जन आहे, दुसरा जनावरांचा. त्यामुळे आज ‘आम्ही’ म्हणू ते दोघांच्या वतीनं, आणि जिथं आमचं एकमेकांशी पटलं नाही तिथं तसं सांगू. विषय आहे शस्त्रक्रियेच्या संशोधनात मोठ्या जनावरांचा वापर. म्हणजे कुत्रा, मेंढी, डुक्कर, शेळी. उंदीर-सशांवर आज आपण बोलणार नाही.

कोल्हापुरात या विषयावर बोलायचं म्हणजे एक अडचण आहे. आपलं गाव जनावरांच्या बाबतीत फार हळवं आहे आणि फार बेधडकही आहे. गंगावेशीत रात्री म्हशीच्या कासेखाली ग्लास धरून दूध पिणारे आपणच. नांदणीच्या मठातली हत्तीण २०२५ साली गुजरातला नेली, तेव्हा रस्त्यावर उतरलेले आपणच. आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभे असतो तेही आपणच. त्यामुळे ‘प्रयोगशाळेत कुत्र्याचं हृदय काढलं’ असं म्हटलं की सभागृहात दोन गट पडतात. एक म्हणतो, हे क्रौर्य आहे. दुसरा म्हणतो, विज्ञानासाठी एवढं चालायचंच. आमचं म्हणणं असं की दोन्ही गट प्रयोग न वाचताच बोलतात. तेव्हा आज आपण एक प्रयोग नीट वाचू. आपल्याच महाराष्ट्रातला.

परळ, १९६८

मुंबईतलं परळ डोळ्यांपुढं आणा. गिरण्यांचा भाग. तिथं के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेलं शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, दोन्ही १९२६ पासूनची. जवळच हाफकिन संस्था, जिथं सर्पदंशावरची लस घोड्यांच्या रक्तातून तयार व्हायची. आणि त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ सालचं. चालत जाता येईल एवढ्या अंतरात माणसाचा दवाखाना, जनावराचा दवाखाना आणि माणसासाठी जनावर वापरणारी संस्था. या विषयाचा सगळा नकाशाच तिथं आहे.

के.ई.एम.मध्ये डॉ. पी. के. सेन हे सर्जन होते. जन्म कलकत्त्याचा, कर्मभूमी मुंबई. त्यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत माणसाच्या हृदयाचं प्रत्यारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं ते ३ डिसेंबर १९६७ ला. म्हणजे मध्ये अडीच महिनेसुद्धा गेले नव्हते. जगातलं हे सहावं प्रत्यारोपण, आणि ते करणारे सेन हे जगातले चौथे सर्जन. रुग्ण साधारण तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरं केलं. तो रुग्ण सुमारे १४ तास जगला. त्यानंतर ते थांबले. भारतात यशस्वी हृदयप्रत्यारोपण व्हायला १९९४ उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. आणि मुंबईत यश मिळालं ते २०१५ मध्ये.

ही गोष्ट आपण मराठीत दोन प्रकारे सांगतो. एक, अभिमानानं: ‘बघा, आपण जगात सहावे होतो.’ दोन, खेदानं: ‘तीनच तास जगला हो.’ दोन्ही गोष्टींत एक पात्र गायब असतं. ते म्हणजे त्या आधीची काही वर्षं प्रयोगशाळेत या शस्त्रक्रियेसाठी वापरलेली कुत्री. आमची पहिली तक्रार ही आहे, आणि ती भावनेची नाही. कुत्री गोष्टीतून वगळली की आपल्याला एक प्रश्नच विचारता येत नाही: कुत्र्यांनी जे शिकवलं, ते माणसाला लागू होतं का?

सापाचं हृदय, कुत्र्याचं हृदय

हा प्रश्न विचारायला प्रत्यारोपणापेक्षा सेन यांचा आणखी एक प्रयोग जास्त उपयोगी पडतो. तो फारसा कुणाला माहीत नाही. १९६५ साली सेन, उडवाडिया, किणरे आणि परुळकर या चौघांचा एक निबंध अमेरिकेतल्या छातीच्या शस्त्रक्रियांच्या नियतकालिकात आला. यातले तेहेमटन उडवाडिया म्हणजे ज्यांनी पुढं दुर्बिणीची शस्त्रक्रिया भारतात रुजवली ते.

कल्पना अशी. माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून, हृदयावर पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून. या वाहिन्या तुंबल्या की झटका येतो. सापाच्या हृदयाचं तसं नसतं. त्याचा स्नायू स्पंजासारखा असतो आणि हृदयाच्या पोकळीतलंच रक्त थेट त्या स्पंजात झिरपतं. मग सेन यांनी विचार केला: माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईनं आरपार भोकं पाडली तर? आतलं रक्त त्या भोकांतून स्नायूत शिरेल आणि तुंबलेल्या वाहिनीला वळसा मिळेल. त्यांनी याला हृदयाचं ॲक्युपंक्चर म्हटलं.

कल्पना सुंदर आहे, हे आधी कबूल करू. परदेशातून यंत्र मागवायला परकीय चलन मिळत नव्हतं, अशा काळात एक सुई घेऊन केलेला हा विचार आहे. आणि तो हवेत सोडला नाही. कुत्र्यांवर करून बघितला. कुत्र्याच्या हृदयाची मुख्य वाहिनी बांधून टाकली. काहींच्या हृदयाला सुईनं टोचलं, काहींना तसंच ठेवलं. टोचलेली कुत्री जास्त जगली.

आता इथं जनावरांचा डॉक्टर मध्ये बोलतो. कुत्रा का? त्या काळी आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कुत्रा वापरायचं मुख्य कारण सोपं होतं: तो रस्त्यावर मिळायचा. विकत घ्यावा लागत नव्हता, आकार सोयीचा, हृदय हातात धरता येईल एवढं. शास्त्रीय कारण नंतर जोडलं जायचं. पण कुत्र्याच्या हृदयात एक खोड आहे. त्याच्या एका रक्तवाहिनीच्या क्षेत्रातून दुसरीच्या क्षेत्रात जाणाऱ्या आडवाटा निसर्गतःच पुष्कळ असतात. मुख्य रस्ता बंद झाला की रक्त गल्लीबोळातून पोचतं. त्यातही प्रत्येक कुत्र्यात या आडवाटा कमी-जास्त. त्यामुळे एकाच ठिकाणी वाहिनी बांधली तरी एक कुत्रा मरतो आणि दुसरा शेपूट हलवत उठतो. डुकराचं हृदय याबाबतीत माणसाच्या निरोगी हृदयाच्या जवळ जातं. आडवाटा फार कमी.

दुसरी खोड. कुत्र्याला माणसासारखा रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याचा रोग सहसा होत नाही. प्रयोगात वाहिनी एका क्षणात बांधली जाते. माणसाची वाहिनी वीस-वीस वर्षं हळूहळू अरुंद होते, आणि तेवढ्या काळात माणसाचं हृदयही स्वतःच्या काही आडवाटा तयार करतं. म्हणजे प्रयोगातला रोग आणि दवाखान्यातला रोग नावानं एक, स्वभावानं वेगळे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पुढं काय झालं ते बघा. १९८० नंतर हीच कल्पना लेसर घेऊन परत आली. सुईच्या जागी लेसरनं भोकं पाडायची. १९९८ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. मुंबईच्या १९६५ च्या निबंधाचा उल्लेख त्या क्षेत्राच्या इतिहासात आदरानं होऊ लागला. रुग्ण सांगायचे, छातीतलं दुखणं कमी झालं. पण मेलेल्या रुग्णांची हृदयं तपासली तेव्हा अनेकदा ती भोकं बुजलेली सापडली. पुढं नळीवाटे लेसर करण्याच्या पद्धतीची चाचणी झाली. त्यात कुणाला खरा उपचार मिळाला आणि कुणाला लटका, हे रुग्णांपासून लपवून ठेवलं होतं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला.

म्हणजे कुत्र्यांनी खोटं सांगितलं का? नाही. कुत्र्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं: वाहिनी अचानक बांधली आणि टोचलं, तर जगतो का? आपण मात्र ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवलं: वर्षानुवर्षं छातीत दुखणाऱ्या माणसाला आराम पडेल का? कुत्रा ‘आता बरं वाटतंय’ असं सांगत नाही. त्याची डॉक्टरवर श्रद्धा नसते. माणसाची असते, आणि श्रद्धेनं दुखणं कमी होतं. हा फरक कुठल्याही जनावराच्या प्रयोगात पकडता येत नाही.

हे दोष १९६५ मध्ये दिसायला हवे होते असं आम्ही म्हणत नाही. आडवाटांचा मुद्दा तेव्हाही चर्चेत येत असे, पण लपवून केलेल्या चाचण्यांची शिस्त शस्त्रक्रियेत तेव्हा कुठंच रुजली नव्हती. आमची टीका सेन यांच्यावर कमी आहे. जे लोक आजही ‘जनावरात सिद्ध झालंय’ एवढं एक वाक्य म्हणून पुढं जातात, त्यांच्यावर जास्त आहे.

शोध आणि सराव

आता प्रत्यारोपणाकडे परत येऊ. इथं एक भेद करावा लागेल, आणि आजच्या व्याख्यानाचा कणा तोच आहे. सुईचा प्रयोग हा शोध होता. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्यारोपणासाठी कुत्र्यांवर केलेलं काम वेगळं होतं. हृदय कसं काढायचं, कुठं कापायचं, कसं जोडायचं, ही पद्धत अमेरिकेत लोअर आणि शुमवे यांनी कुत्र्यांवर बसवून १९६० मध्ये प्रसिद्धही केली होती. त्याआधी मॉस्कोत डेमिखोव यांनी कुत्र्यांवर कितीतरी प्रकार करून पाहिले होते. मुंबईत जे चाललं त्यात नवा प्रश्न थोडा होता, हात बसवण्याचा भाग मोठा होता. तो सराव होता.

आणि सरावाबद्दल आपला कायदा तेव्हाही स्पष्ट होता. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरला म्हणून झाला. तो प्रयोगांना बंदी करत नाही. पण त्याच्या १७ व्या कलमात काही तत्त्वं घालून दिली आहेत. शस्त्रक्रिया असेल तर पुरेशी भूल द्यावी. जनावराला इतकी इजा झाली असेल की शुद्धीवर आल्यावर फार हाल होतील, तर त्याला भुलीतच संपवावं. छोट्या जनावरावर काम भागत असेल तर मोठं वापरू नये. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रपट यांवर शिकवता येत असेल तर जनावर वापरू नये. आणि शेवटी: निव्वळ हाताचं कसब मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत.

हे शेवटचं तत्त्व वाचलं की आम्हाला सुश्रुत आठवतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात शिष्यानं सराव कशावर करायचा याची यादीच आहे. कापणं शिकायचं ते कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर. भेदन शिकायचं ते पाण्यानं भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. खरवडणं केसाळ कातड्यावर. शीर टोचणं मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. यात जिवंत जनावर नाही. हे सांगून आम्हाला ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणायचं नाही. त्यांना हृदय उघडायचं नव्हतं. एवढंच म्हणायचं आहे की शोध वेगळा आणि सराव वेगळा, हा भेद आपल्याकडे जुना आहे.

मग परळमधला सराव चुकीचा होता का? इथं आमचं दोघांचं पटलं नाही.

सर्जन म्हणतो: हृदयाची शस्त्रक्रिया एका माणसाचं कसब नाही. भूल देणारा, हार्ट-लंग मशीन चालवणारा, दोन मदतनीस, नर्स, रक्तपेढी, या सगळ्यांचा ताल बसावा लागतो. हा ताल दुध्या भोपळ्यावर बसत नाही. धडधडणारं हृदय थांबवून परत चालू करण्याची भीती मेलेल्या हृदयावर जात नाही. १९६० च्या दशकात दुसरा मार्ग नव्हता. कुत्र्यांवर न करता थेट माणसावर केलं असतं तर ते अधिक मोठं पाप होतं.

पशुवैद्य म्हणतो: मान्य. पण मग सरावाला सराव म्हणा. त्याला संशोधनाचा फेटा बांधू नका. आणि सराव कशासाठी, तेही बघा. त्या सरावानं हात तयार झाले, पण धोक्याचा अंदाज आला नाही. प्रयोगातला कुत्रा निरोगी असतो. त्याच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या मऊ असतात, नवं हृदय आरामात रक्त ढकलतं. ज्या माणसाला प्रत्यारोपण हवं असतं त्याचं हृदय वर्षानुवर्षं निकामी होत आलेलं असतं. अशा अनेक रुग्णांच्या फुप्फुसात दाब चढलेला असतो. निरोगी माणसाकडून आलेल्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला तो दाब नवा असतो, आणि तो कप्पा थकून बसतो. पुढं हा दाब मोजणं हे रुग्ण निवडण्याचं नेहमीचं पाऊल झालं. शंभर निरोगी कुत्र्यांवर सराव केला तरी हा धडा त्यात मिळणार नव्हता. एकाही कुत्र्याला हृदयरोग नव्हता.

आम्ही एका गोष्टीवर एकमत झालो. कुत्र्यांनी ‘हे जोडता येतं’ एवढं सांगितलं होतं. ‘हा माणूस जगेल’ असं सांगितलं नव्हतं. शरीर परकं हृदय नाकारतं, त्यावरचं चांगलं औषध, सायक्लोस्पोरिन, दवाखान्यात यायला १९८० चं दशक उजाडायचं होतं. १९६८ मध्ये जगभर शंभरेक प्रत्यारोपणं झाली, बहुतेक रुग्ण लवकर गेले, आणि बहुतेक सर्जन थांबले. शुमवे यांची प्रयोगशाळा चालू राहिली. माणसाबरोबर जनावरातही ते प्रश्न विचारत राहिले, म्हणून पुढं मार्ग निघाला. सेन यांच्यासारख्यांना तेवढा काळ, पैसा आणि पाठबळ मिळालं नाही. हेही टीकेत धरलं पाहिजे. नाहीतर टीका फार स्वस्त होते.

जेव्हा जनावर सांगतं आणि आपण ऐकतो

एक चांगलं उदाहरण देतो, कारण सगळी टीकाच ऐकून घरी जाणं बरं नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकारानं हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. परदेशी झडपेची किंमत आपल्या गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती म्हणून. त्यासाठी त्यांनी मेंढी वापरली. मेंढीचं हृदय माणसाच्या आकाराच्या जवळ, स्वभाव शांत, आणि महिनोन्‌महिने सांभाळून बघता येते. एका नमुन्यात नीलम खड्याची चकती होती. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर झिजेची चाचणी तिनं दिली. मेंढीत मात्र चकती तुटली. त्यांनी तो नमुना टाकून दिला. चकतीसाठी विशेष प्रकारचं प्लॅस्टिक घेतलं, पुन्हा मेंढ्यांत तपासलं, आणि मग १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्या माणसाला झडप बसवली. आज ही झडप हजारो लोकांच्या छातीत टकटक करते आहे. या सभागृहातही कुणाच्या असेल.

फरक लक्षात घ्या. इथं मेंढीला विचारलेला प्रश्न मेंढी उत्तर देऊ शकेल असा होता: रक्तात, दाबाखाली, दिवसाला लाखभर वेळा उघडझाप करताना ही वस्तू टिकते का? आणि उत्तर ‘नाही’ आलं तेव्हा ते मानलं गेलं. मेंढीचा जीव वाया गेला नाही, कारण तिचं म्हणणं ऐकलं गेलं.

उलटं उदाहरणही आहे, अगदी अलीकडचं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरिलँडला जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं. तो साधारण दोन महिने जगला. नंतर कळलं की त्या हृदयातून डुकराचा एक विषाणू आला होता. हा विषाणू असेल तर असं हृदय लवकर निकामी होतं, असं जर्मनीतल्या एका गटानं बबून माकडांवरच्या प्रयोगांतून आधीच लिहिलं होतं. नेमका विषाणूनंच घात केला का यावर वाद आहे. पण जनावरांनी इशारा दिला होता, आणि त्या डुकराच्या तपासणीत तो विषाणू सुटला, हे खरं.

इथं, आज

मग कोल्हापुरात, आज, हे सगळं कशासाठी? कारण इथं मेडिकल कॉलेजं आहेत, शोधनिबंध लिहिणारी मुलं आहेत, आणि त्यांना उद्या मोठ्या जनावरांवरचे निबंध वाचून निर्णय घ्यायचे आहेत. आज नियम बदलले आहेत. १९९८ च्या नियमांनी प्रयोगाची जनावरं नोंदणीकृत ठिकाणाहूनच घ्यावीत असं केलं. रस्त्यावरचा कुत्रा पकडून आणायचे दिवस कागदावर तरी संपले. छोट्या जनावरांना संस्थेची समिती परवानगी देते, मोठ्यांसाठी केंद्राच्या समितीकडे जावं लागतं. संस्थेच्या समितीत शास्त्रज्ञ नसलेला, समाजातला एक माणूसही बसतो. आणि प्रयोगानंतर जनावराचं पुनर्वसन हा संशोधनाच्या खर्चाचा भाग धरावा लागतो. जगात १९५९ पासून तीन तत्त्वं सांगतात: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. चौथं, पुनर्वसन, हे आपल्या देशानं जोडलं. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पाळलं तर.

आमचा स्वतःचा एक कबुलीजबाब. आम्ही शिकत होतो तेव्हा, कॉलेजचं नाव कशाला घ्या, शरीरशास्त्राच्या तासाला कुत्र्याला भूल देऊन रक्तदाबाचा आलेख दाखवायचे. आलेख आधीच्या वर्षीही तोच यायचा, पुढच्या वर्षीही तोच. आम्ही वहीत आलेख चिकटवला. कुत्र्याचं वजन लिहिलं. त्याचं पुढं काय झालं हे वहीत नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. २०१४ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमातून असे प्रयोग काढून संगणकावर आणले. त्यानं आमच्या नंतरचे डॉक्टर कमी शिकले असं आम्हाला तरी दिसलं नाही.

म्हणून कुठलाही मोठ्या जनावराचा निबंध हातात आला की आम्ही हे बघतो. हेच जनावर का, मिळालं म्हणून की जुळतं म्हणून? जनावर निरोगी होतं की आजारी? कुणाला उपचार, कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं का, आणि मोजणाऱ्याला ते ठाऊक होतं का? किती दिवस बघितलं, तासभर की वर्षभर? मेलेली जनावरं मोजली का? आणि उरलेल्यांचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निबंधात नसेल, तर बाकीच्या उत्तरांवरही आमचा विश्वास जरा कमी होतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या बाळांच्या शस्त्रक्रियेसाठी व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोग केले, त्यातल्या ॲना नावाच्या कुत्रीचं चित्र तिथं भिंतीवर लावलं गेलं. परळमध्ये असं चित्र लावा, अशी आमची मागणी नाही. पण डॉ. सेन यांची गोष्ट सांगताना त्या कुत्र्यांना एक वाक्य द्या. त्यांनी काय सांगितलं होतं, आणि काय सांगितलं नव्हतं, एवढं एक वाक्य.

प्रश्नोत्तरांतून

(श्रोत्यांनी बरेच प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथं घेतले आहेत.)

*“सर, आपण आठवड्याला मटण खातो. मग प्रयोगशाळेतल्या एका शेळीवर एवढी चर्चा ढोंग नाही का?”*

ढोंग आहे, थोडं. पांढरा रस्सा ओरपून आलेल्या माणसानं प्रयोगशाळेच्या दारात घोषणा देऊ नयेत, हे मान्य. पण उलटही बघा. खाटिक तुम्हाला सांगत नाही की या शेळीनं एक सत्य सिद्ध केलं. संशोधक सांगतो. म्हणून त्याच्याकडून हिशेब जास्त मागायचा. आणि खरं म्हणजे मटणाच्या दुकानातच एक पर्याय आहे. आपल्याकडे डोळ्यांचे डॉक्टर मोतीबिंदूचा हात बसवतात तो बकऱ्याच्या डोळ्यांवर. हृदयाच्या टाक्यांचा सराव बकऱ्याच्या हृदयावर होतो. जे जनावर तसंही कापलं गेलं, त्याचे अवयव. सरावासाठी नवा जीव घ्यावा लागत नाही. सुश्रुताच्या मेलेल्या जनावराच्या शिरेपासून हे फार लांब नाही.

*“मग मोठ्या जनावरांवरचे प्रयोग बंदच करावेत का?”*

नाही. उद्या तुमच्या बाळाच्या हृदयात बसवायची नवी वस्तू कुणीतरी आधी मेंढीत वर्षभर ठेवून बघितलेली असावी, असं आम्हाला वाटतं, आणि तुम्हालाही वाटेल. बंद करायचं असेल तर ते प्रयोग करा, ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे. आणि तेही, ज्यांचं उत्तर काहीही आलं तरी आपण जे करायचं ते करणारच आहोत. अशा प्रयोगात जनावर फुकट जातं. आणि त्यानंतर टेबलावर येतो तो माणूसही.

वेळ झाली. सभागृहाचे दिवे घालवायला माणूस उभा आहे.